गावभागातलं वाचनालय : नऊ वर्षांच्या सभासदाचा अभिप्राय

वर्गणी महिना ५० रुपये, अनामत ५०० रुपये. त्यात एका वेळी दोन पुस्तकं आणि एक मासिक घरी नेता येतं. पंधरा दिवसांनी परत करायचं, नाहीतर येऊन तारीख वाढवून घ्यायची. दिवाळी अंकांची वर्गणी वेगळी, हंगामाला २०० रुपये, आणि ती भरली की नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत घरात अंक कमी पडत नाहीत. वर्तमानपत्रं बसून वाचायला कुणालाही फुकट, नाव-गाव कोणी विचारत नाही. सांगलीच्या गावभागातल्या ज्या वाचनालयाबद्दल लिहितोय, त्याचा व्यवहार एवढा सरळ आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढं काही उणिवा लिहिणार आहे आणि ते चालवणारी माणसं चांगली आहेत. आसपास राहणाऱ्यांना वर्णनावरून कळेलच.

मी वसंतदादा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. तीस वर्षं कीर्द-खतावणी करतोय. सौद्यांच्या हंगामात मान वर करायला वेळ नसतो, तरी आठवड्यातून एकदा वाचनालयाचा फेरा चुकवत नाही. २०१६ साली सभासद झालो ते मुलीमुळं. शाळेत १५ ऑक्टोबरला, कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. तिला एक पुस्तक वाचून त्यावर बोलायचं होतं, आणि आमच्या घरात पंचांग, आरत्यांचं पुस्तक आणि माझी कॉलेजची अकाउंट्सची गाईडं सोडून छापील काही नव्हतं. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी अनामत भरली.

त्याआधी एका दुसऱ्या ठिकाणी २०० रुपये अनामत भरून बसलो होतो. तिथं पाटी होती, शिक्का होता, दोन कपाटंही होती, पण दार उघडं असं मी तीन वेळाच पाहिलं. अनामत परत मिळाली नाही. अशी कागदावरची वाचनालयं राज्यात होती म्हणूनच २०१२ साली सरकारनं सगळ्यांची पडताळणी लावली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं नवीन वाचनालयांना मान्यता आणि जुन्यांना वरचा वर्ग (अनुदान ज्यावर ठरतं तो अ, ब, क, ड असा दर्जा) देणं बंद ठेवलं. त्यात जी खरोखर चालू होती, ती वर्षानुवर्षं त्याच वर्गात अडकून पडली. आमचं वाचनालय त्यातलंच.

आता तिथं काय मिळतं ते सांगतो. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ. सकाळी पुढच्या खोलीत मोठ्या टेबलाभोवती निवृत्त मंडळी वर्तमानपत्रं वाचत असतात. एकाची पुरवणी झाली की न बोलता शेजाऱ्याकडं सरकवतात. साडेदहाच्या सुमाराला बायका येतात, भाजीच्या पिशवीतच पुस्तक असतं. कादंबऱ्या त्यांच्यामुळं फिरत्या राहतात. देवघेवीच्या कार्डावरच्या तारखा पाहिल्या तर कळतं. संध्याकाळी मुलांची वेळ. आणि मागं, पत्र्याच्या शेडमध्ये, अभ्यासिका आहे. तिथं एमपीएससी आणि पोलीस भरतीची पोरं सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत बसतात, महिना ३०० रुपये. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची बरीच. खोलीभाडं आणि मेस भागवून त्यांना अभ्यासाची वेगळी जागा परवडत नाही. खरं सांगायचं तर वाचनालयाचं वीजबिल आज ही पोरंच भरतात.

पण मी हा अभिप्राय लिहायला बसलो तो एका कपाटासाठी. दारातून आत गेलं की डाव्या हाताला जुनं सागवानी कपाट आहे, काचेची दोन दारं, एकाची काच तडकलेली. त्यावर हातानं लिहिलेली चिठ्ठी आहे : ‘आपला जिल्हा’. यातली पुस्तकं घरी देत नाहीत, तिथंच बसून वाचायची. सुरुवातीला मी त्याकडं फिरकलोच नाही. मग एका पावसाळी संध्याकाळी लाईट गेली, घरी जाता येईना, तेव्हा वाचनालय सांभाळणाऱ्या मॅडमनी ते उघडून दिलं.

आधी शिक्के बघा. सगळ्यात जुन्या पुस्तकांवर सांगली संस्थानचा उल्लेख असलेला गोल शिक्का आहे. त्यानंतरच्यांवर ‘जि. दक्षिण सातारा’. आणि मग ‘जि. सांगली’. पटवर्धनांचं सांगली संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झालं, १९४९ साली साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि आसपासची संस्थानं मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. शाळेत हे पाठ केलं असेलही, पण लक्षात राहिलं नव्हतं. शिक्क्यावरून पुस्तक कधी घेतलं असेल याचा अंदाज बांधता येतो, हे कळल्यावर मी अर्धा तास नुसते शिक्केच बघत बसलो. माझ्यासारख्या वह्या लिहिणाऱ्या माणसाला ते समजायला सोपं गेलं. वही कुठल्या सालची हे आम्हीही शाईवरून आणि शिक्क्यावरूनच ओळखतो.

कपाटात किर्लोस्करवाडीला छापलेल्या मासिकांचे बांधीव खंड आहेत. आत्ताच्या पलूस तालुक्यातलं ते गाव, १९१० साली कारखान्यासाठी माळरानावर वसवलेलं, तेव्हा औंध संस्थानात होतं. तिथल्या नांगरांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच वाडीतून ‘किर्लोस्कर’ मासिक १९२० सालापासून आणि ‘स्त्री’ १९३० सालापासून निघत होतं, आणि तिथं छापलेलं घराघरात वाचलं जायचं, हे मला त्या खंडांनी दाखवलं. १९३९ साली औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी राज्यकारभार गावपंचायतींच्या हाती दिला आणि त्याच सुमाराला आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची बिनभिंतीची वसाहत सुरू केली. त्यावरची दोन पातळ पुस्तकं तिथं आहेत. गॅझेटिअर आहे : एक साताऱ्याचं इंग्रजांच्या काळचं, एक सांगली जिल्ह्याचं. नाटकांसाठी वेगळा कप्पा आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं मराठी नाटकाचा पहिला खेळ केला, तेव्हा आमच्या गावात तो कप्पा असणारच. नाटककार देवल हरिपूरचे, खाडिलकर इथलेच.

तरी ही पुस्तकं दुसरीकडंही मिळतील. कपाटाचा सगळ्यात खालचा खण मात्र दुसरीकडं नाही. त्यात स्मरणिका आहेत. शाळांच्या सुवर्णमहोत्सवाच्या, विकास सोसायट्यांच्या, तालमींच्या, भजनी मंडळांच्या, एका दूध संघाच्या पंचवीस वर्षांच्या. पातळ, पिना गंजलेल्या, निम्म्या पानांवर शुभेच्छांच्या जाहिराती. त्यांच्यात साहित्य म्हणून कोणी बघणार नाही. पण गावची विहीर कुणी खोदली, शाळेला जागा कुणी दिली, पहिली मुलगी सातवी पास झाली ती कोण, हे दुसऱ्या कुठल्या कागदावर आहे?

माझे आजोबा कुंडलजवळच्या एका खेड्यातले. ते सांगायचे, ‘आमच्या गावात बांधाचा तंटा कोर्टात गेला नाही, पत्रीवाल्यांनी मिटवला.’ पत्री सरकार, म्हणजे इंग्रजांना झुगारून गावोगावी चालवलेलं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, एवढं आम्हाला ठाऊक होतं. जी. डी. बापू लाड, प्रतिसरकारची तुफान सेना, शेणोलीजवळ ७ जून १९४३ ला अडवलेली रेल्वे, या गोष्टी आमच्याकडं पोरासोरांना माहीत असतात. पण बांधाच्या तंट्याची गोष्ट मी आजोबांची जुनी आठवण म्हणून सोडून दिली होती. २०१८ साली त्याच गावच्या प्राथमिक शाळेची एक स्मरणिका त्या खणात सापडली. त्यात एका म्हाताऱ्या माजी विद्यार्थ्यानं दीड पानात लिहिलंय : न्यायदान मंडळ रात्री चावडीच्या मागं बसायचं, दोन्ही बाजूंचं ऐकायचं, निकाल तिथल्या तिथं. लग्नं हुंडा न घेता, मांडवाचा खर्च न करता लागायची. आणि त्याच मंडळींनी गावात एका घराच्या सोप्यावर वाचनालय काढलं होतं. कंदील घेऊन एकजण वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे. बांधाचा तंटा मिटल्याचाही उल्लेख आहे, आणि दोन घरांच्या आडनावांपैकी एक आमचं.

मी ती स्मरणिका तिथं उभ्यानं तीनदा वाचली. आजोबा २००३ साली गेले. त्यांना मी कधी नीट विचारलं नाही. घरी वडिलांना मोबाईलवर फोटो दाखवला तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘ते सोप्याचं घर आपल्या मावशीचं.’ इंग्रज पोलीस मागावर असताना ज्या लोकांनी तंटे मिटवण्याच्या बरोबरीनं वाचनालय काढायची गरज ओळखली, त्यांच्याबद्दल मला तेव्हापासून वेगळाच आदर वाटतो.

पुढच्याच वर्षी पूर आला. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांवर धोक्याची पातळी, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभाग पाण्याखाली. वाचनालय तळमजल्यावर. मॅडम आणि अभ्यासिकेतल्या चार पोरांनी आदल्या रात्री ‘आपला जिल्हा’ कपाट रिकामं करून सगळं पोत्यात भरून शेजारच्या वाड्याच्या माडीवर नेलं. आधी काय उचलायचं हे त्या बाईंनी ठरवलं. नवीन महागड्या कादंबऱ्या खाली राहिल्या आणि गंजक्या पिनांच्या स्मरणिका वर गेल्या. त्या वेळी दोन-तीन जण त्यांच्यावर चिडले होते. आज कोणी चिडत नाही, कारण कादंबऱ्या पुन्हा विकत मिळाल्या.

पाणी ओसरल्यावर आम्ही सभासद साफसफाईला गेलो. पुस्तक भिजलं की फुगतं हे मला माहीत नव्हतं. लोखंडी मांडणीत पुस्तकं अशी घट्ट आवळून बसली होती की ओढून निघेनात, शेवटी मांडणीचे बोल्ट काढावे लागले. गुळगुळीत कागदाची पुस्तकं, चित्रांची, पाककृतींची, त्यांच्या पानांची वीट झाली होती. जुन्या जाडसर कागदाची काही वाचली. प्रत्येक दहा-पंधरा पानांत वर्तमानपत्राचा कागद घालून पंख्याखाली उभी केली, दिवसातून तीनदा कागद बदलले. आमच्या धंद्यात हरिपूरची पेवं प्रसिद्ध. जमिनीखालच्या त्या कोठारात तोंड बंद करून ठेवलेली हळद वर्षानुवर्षं किडत नव्हती. २००५ च्या पुरानं त्या पेवांची दैना केली, ते मी पाहिलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं की मालाचं नुकसान हेच मोठं नुकसान. हळद पुढच्या साली पुन्हा पिकते.

बुडालेल्या पुस्तकांचं नीट निर्लेखन झालं, म्हणजे ती नोंदीतून रीतसर कमी केली. पंचनामा, यादी, दाखल नोंदवहीत प्रत्येक क्रमांकापुढं तांबड्या शाईत शेरा. ती वही मी बघितली आहे. चोख काम आहे, आमच्या पेढीत ठेवावं असं.

आता पैशाचं. हे लिहिलं नाही तर उणिवा कुणाच्या माथी मारायच्या ते चुकेल. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. (त्याच्याही आधी, १९४५ साली, शेजारच्या कोल्हापूर संस्थानानं स्वतःचा ग्रंथालय कायदा केला होता. याचा आमच्या भागाला अभिमान असायला हवा.) आपल्या कायद्यात गावोगावची वाचनालयं सरकार चालवत नाही. गावच्या लोकांनी संस्था काढायची, सरकार मान्यता देतं, अ, ब, क, ड असा वर्ग देतं आणि त्या वर्गाप्रमाणं वर्षाला परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायचा खर्च, देतं. शेजारी कर्नाटकात पद्धत वेगळी आहे. तिथं घरपट्टीबरोबर ६ टक्के ग्रंथालय उपकर घेतात आणि वाचनालय सरकारी खात्याचं असतं. आपल्याकडं असा उपकर नाही. मिरजेतून अर्ध्या-पाऊण तासात सीमा ओलांडता येते, आणि दोन बाजूंना वाचनालय म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मला आपली पद्धत मनापासून आवडते, कारण वाचनालय गावाचं राहतं. पण तिची किंमत एकच माणूस मोजतो, तो म्हणजे तिथला सेवक. २०२२ च्या शेवटी अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं. ऐकायला मोठं वाटतं. ड वर्गाच्या गावच्या वाचनालयाला वर्षाला ३०,००० मिळायचे ते ४८,००० झाले. म्हणजे महिना ४,०००. त्यात पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, झाडलोट. आमचं ब वर्गाचं, त्याला याहून बरं मिळतं, तरी मॅडमना जे हातात पडतं ते आमच्या दुकानातल्या तोलाईदाराच्या निम्मंही नाही. ग्रंथालयशास्त्राचा कोर्स केलेली, एकोणीस वर्षं नोकरी झालेली बाई. त्यांना सरकारी वेतनश्रेणी नाही, पेन्शन नाही. पुराच्या रात्री जे त्यांनी केलं ते कुठल्या पगारात बसतं? मी दिवाणजी आहे, मला तो हिशेब जुळवता येत नाही, आणि मला त्याचा राग येतो.

उणिवा. यादी संगणकावर नाही. पुस्तक आहे का, हे कार्डांच्या खोक्यात बघावं लागतं किंवा मॅडमना विचारावं लागतं. त्यांना सगळं तोंडपाठ आहे, पण त्या रजेवर गेल्या की वाचनालय आंधळं होतं. मागच्या भिंतीला पुरापासून ओल आहे आणि प्रवासवर्णनाच्या मांडणीला वास येतो. मुलांची पुस्तकं जुनी आणि फाटकी आहेत. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाकडून भेट येणाऱ्या पुस्तकांत मुलांना आवडेल असं थोडंच निघतं. अभ्यासिकेत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही. ही सगळ्यात मोठी उणीव. त्यामुळं मुली सात वाजता उठून जातात आणि मुलं दहापर्यंत बसतात. दोन सभांमध्ये मी हे बोललो. संचालक मंडळाचं म्हणणं, जागा नाही. माझं म्हणणं, सायकली लावायच्या कोपऱ्यात जागा आहे. यावर्षी पुन्हा बोलणार आहे, आणि सभेला सभासद जास्त आले तर ते मान्य होईल. गेल्या सर्वसाधारण सभेला आम्ही फक्त अकरा जण होतो.

नवीन सभासदांना दोन गोष्टी सांगतो. पुस्तक नसेल तर मागणी वहीत लिहा. टेबलाच्या कोपऱ्यात दोरीला पेन बांधलेली वही आहे. मी लिहिलेल्या नऊ पुस्तकांपैकी सात आली. खरेदीच्या वेळी ती वही खरोखर समोर ठेवतात, मी पाहिलंय. दुसरं, घरात गावची, शाळेची, सोसायटीची, जत्रा कमिटीची स्मरणिका असेल, जुना वार्षिक अहवाल असेल, तर रद्दीच्या दुकानात जाण्याआधी इथं आणून दाखवा. घेतात. पावती देतात.

मुलगी आता इंजिनिअरिंगला पुण्याला आहे. दिवाळीत आली की तिची जुनी कार्डं बघायला जाते. मागच्या महिन्यात आमच्या मालकांनी पेढीची जुनी दप्तरं रद्दीत काढली. त्यातल्या दक्षिण सातारा असताना लिहिलेल्या चार खतावण्या मी मागून घेतल्या आणि वाचनालयात नेल्या. कुठल्या गावाहून किती पोती हळद आली, हमाली काय, दर काय, सगळं मोडीत आणि थोडं बाळबोधीत. मॅडमनी वही उघडली, तारीख घातली, देणगीदाराच्या रकान्यात काय लिहू म्हणाल्या. मी पेढीचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘आणणाऱ्याचंही लिहिते.’ खतावण्या खालच्या खणात, स्मरणिकांच्या शेजारी आहेत. मोडी वाचणारं कोणी असेल तर गुरुवार सोडून कधीही यावं. गुरुवारी बंद असतं.